ऑपरेशनच्या खोलीतला कूलर

दर उन्हाळ्यात कूलरमधल्या ओल्या खसचा वास आला, की मला हर्नियाचा एक पेशंट आठवतो. पन्नास वर्षांपूर्वी मी नागपुरात नवा सर्जन होतो. जखम उघडी असताना कूलर लावायचा नाही, असा सिस्टरांचा नियम होता. "धूळ उडते, टाके पिकतात," त्या म्हणाल्या.

कमरेखालीच भूल दिलेली असल्याने ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट जागा होता. "त्याला उकडतंय," असं सांगून मी कूलर लावायला लावला. खरं तर माझ्याच डोळ्यांत घाम उतरत होता.

आठव्या दिवशी टाके पिकले. मी पू काढत होतो, तेव्हा तो कण्हत म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुमी कूलर लावला, मले मोठं बरं वाटलं."

सिस्टर पट्टी कापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.