बाबांची दुपारची पाळी

कर्वेनगरच्या आमच्या गल्लीत एकेका घरावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, त्याच वर्षी बाबांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. घेतली म्हणायचं इतकंच. नवी यंत्रं आली होती, लेथवरच्या जुन्या टर्नरना काम उरलं नव्हतं.

वीस-बावीस वर्षं त्यांनी दुपारची पाळीच मागून घेतली होती. जवळच्या शाळेची दीडची घंटा झाली की ते कोपऱ्यावर जायचे आणि कंपनीची बस यायची. निवृत्तीनंतर बस यायची थांबली, बाबा जायचे थांबले नाहीत. घंटा झाली की इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावर पंधरा मिनिटं उभे राहायचे. परत आले की भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

"अहो, बस येत नाही आता," आई एकदा म्हणाली.

"ठाऊक आहे. निवृत्त झालोय, वेडा नाही." मग हळूच म्हणाले, "पायांना कोण सांगणार?"

मी तेव्हा मानसशास्त्र शिकत होते. घंटा वाजली की लाळ गाळणारा पुस्तकातला कुत्रा परीक्षेपुरता पाठ होता. कॉलेजातल्या बाईंना बाबांबद्दल विचारलं.

"सवय मोडायला जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "घंटेनंतर जे होतं ते बदल. आणि त्यांना सांगून कर. वडील आहेत ते, प्रयोगातला उंदीर नाहीत."

मी सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बक्षीस काय?"

"उसाचा रस."

"आलं-लिंबू घालून," म्हणाले आणि तयार झाले.

घंटा झाली की आम्ही दोघं निघायचो, कोपऱ्याच्या उलट दिशेला, कालव्याच्या रस्त्यानं. पहिल्या दिवशी फाटकातच त्यांचे पाय डावीकडे वळले. मी नुसती उजवीकडे उभी राहिले. ते हसले आणि आले. रस्ता संपतो तिथे रसवंती होती. पोचल्याबरोबर ग्लास हातात, उशीर नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

त्या दुपारी मला अजून अर्धवट झोपेत पाहिल्यासारख्या आठवतात. झाडांखाली हिरवट उजेड, दुकानांची शटरं खाली, सगळं गाव डोळे मिटून पडलेलं. त्या शांततेत बाबा सांगायचे, लेथच्या आवाजावरून हत्यार बोथट झालेलं कसं कळतं ते. सांगताना बोटं हवेत हँडल फिरवत असायची. घरात इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मध्येच दोन दिवस ते पुन्हा कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. मी गुमान शेजारी जाऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "चल, रस गरम होईल."

दीडेक महिन्यानं माझी दुपारची परीक्षा आली. पेपर लिहिताना घड्याळात दीड वाजला आणि लक्ष उडालं. पेपर संपल्याबरोबर धावत घरी आले तर दाराला कुलूप. पायरीवर बसून राहिले. साडेतीनच्या सुमाराला दोघं सावकाश येताना दिसली. आईनं केसात मोगरा माळला होता.

"कोपऱ्यावर गेले होते?" मी आईला विचारलं.

"छे. घंटा झाली आणि मला म्हणाले, चप्पल घाल." आई माझ्या शेजारी पायरीवर टेकली. "लग्न झाल्यापासून दुपारी यांच्याबरोबर कुठे गेलेच नव्हते गं मी. उन्हात केवढे पांढरे दिसतात यांचे केस."

बाबा कुलूप उघडत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण कान लाल झाले होते.