माणसाएवढा ठ

धाकटीचा राग तोंडावर कधी दिसायचा नाही, तो हातात उतरायचा. छापखाना थोरल्या दिरांचा, म्हणून तिथे सगळे तिला धाकट्या वहिनी म्हणत. खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती अक्षरं काढायची, तीही एकेक मिश्कील. तिचा क कमरेवर हात ठेवून भांडायला उभा, तिचा ज जांभई देणारा. बिस्किटांचे डबे, खेळण्यांची दुकानं, मुलांच्या दवाखान्याचं दार, जिथे बघावं तिथे तीच अक्षरं.

आणि नाव मात्र दिरांचं. पहिल्या फॉन्टसाठी ती चौदा महिने खपली होती. बक्षीस घ्यायला दीर गेले, ढाल मिरवत परत आले आणि म्हणाले, "अगं, नाव कुणाचं का असेना, घर एकच ना!" तिने मान डोलावली, पण ते बोलणं तिने पक्कं लक्षात ठेवलं. ढाल गेली खड्ड्यात. 'ही अक्षरं हिने काढली' एवढं एकच वाक्य तिला त्या तोंडून, चारचौघांत ऐकायचं होतं. मागून ते मिळणार नव्हतं.

म्हणून दुसरा फॉन्ट तिने दिरांकडे बघून काढला. अगदी निरखून. ठ ला पोट दिलं आणि पोटाखाली घसरलेला पट्टा. र चा पाय बाहेर फेकलेला, ते चालतात तसा. वेलांटी म्हणजे तर थेट त्यांची बट, डाव्या कानामागून उचलून टकलावर आडवी चिकटवलेली. बारीक छपाईत यातलं काहीच कळत नव्हतं. दीर खूश झाले आणि त्यांनी खाली स्वतःची सही ठोकली.

प्रकाशनाला अक्षरं लाकडात माणसाएवढी कापून मंचावर उभी करायची, ही हौसही त्यांचीच.

"एवढी मोठी, भाऊजी?" धाकटीने विचारलं.

"मोठीच! लोकांना दिसायला नकोत?"

सभागृह खचाखच भरलं. "या प्रत्येक अक्षरात मी जीव ओतलाय," असं माइकवर सांगून दीर फोटोसाठी ठ शेजारी उभे राहिले आणि सवयीने त्यांनी पट्टा वर ओढला. पहिल्या रांगेत जाऊबाई फिस्सकन हसल्या.

"अगंबाई! अहो, हे तर तुम्हीच! आणि त्या वेलांटीत तुमची बट!"

मग काय, हशा पिकला. गिऱ्हाईकं हसली, कामगार हसले, दिरांचे व्याही पोट धरून हसले. "स्वतःचंच चित्र काढलंत की राव!" कुणीतरी ओरडलं. दिरांचा हात आपोआप टकलाकडे गेला, तसे लोक आणखीच हसले.

"मी नाही काढलं हे!" लालबुंद होऊन ते माइकवरच किंचाळले. "एकही अक्षर माझं नाही, आजवर कधीच नव्हतं! सगळी हिने काढलीत, या धाकटीने!"

धाकटी शेवटच्या रांगेत बसली होती. ती सावकाश उठली आणि तिने चष्मा नीट केला.

"भाऊजी," ती म्हणाली, "जरा परत सांगा. मागे नीट ऐकू आलं नाही."