उलटी नाही, मळमळ

"अम्मा, कॅन्सर है," डॉक्टर म्हणाले. छातीतली गाठ मी सहा महिने कोणाला दाखवली नव्हती. चूक माझीच. बुरहानपुरातच ऑपरेशन झालं. मग केमोथेरपी, म्हणजे सलाईनमधून कॅन्सर मारायचं औषध. सहा वेळा घ्यायचं होतं.

पहिल्या वेळी फार उलट्या झाल्या. दुसऱ्या वेळी ओन्डान्सेट्रॉन दिलं, ते उलटी थांबवतं. उलटी थांबली, पण दिवसभर मळमळायचं. भाताच्या वासानेही तोंड फिरवायची मी. डॉक्टर विचारायचे, "उल्टी हुई?" मी म्हणायची, "नाही." झाली नव्हतीच. वजन उतरत गेलं.

तिसऱ्या सलाईननंतर घरात सांगितलं, आता बस. मरायचं तर जेवून मरेन.

शाहपुरहून धाकटी जाऊ भांगेच्या गोळ्या घेऊन आली. "घ्या बाई, महादेवाचा परसाद. भूक लागते याने."

"तुला लागते ते दिसतंच आहे," मी म्हटलं.

खाण्याआधी मुलाने गोळ्या डॉक्टरांना दाखवायला लावल्या.

"उल्टी तो होती नहीं, फिर ये क्यों?"

"मळमळतं ना दिवसभर."

"तो बताया क्यों नहीं?"

"तुम्ही उलटीच विचारली."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावलं. उलटी वेगळी, मळमळ वेगळी. एकीचं औषध दुसरीला पुरेलच असं नाही. उंदराला उलटी होतच नाही, म्हणून प्रयोगात मळमळ ओळखायला तो तोंड कसं वासतो ते बघतात. चिचुंद्रीला उलटी होते. भांगेतली द्रव्यं, म्हणजे कॅनाबिनॉइड, या जनावरांवर तपासली आहेत. मोजून थोडं दिलं तर उंदराचं तोंड वासणं कमी होतं, चिचुंद्रीची उलटी थांबते. त्यातलंच एक द्रव्य जास्त झालं, तर तिची उलटी वाढते.

"इस गोली में कितना है, न मुझे पता, न दुकानवाले को."

उंदराला बोलता येत नाही म्हणून त्याचं तोंड बघावं लागतं. मला येत होतं.

गोळ्या जावेला परत दिल्या. डॉक्टरांनी मळमळीवर ओलान्झापिन लिहून दिलं. त्याने झोप फार येते. मळमळ पूर्ण गेली नाही, पण अर्धी भाकरी पोटात राहू लागली. सहाही सलाईन झाल्या. कॅन्सर परत येईल का, ते कोणी सांगत नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर विचारलं तेवढंच सांगू नका. डॉक्टरांचे उपकार मी मानते. आता त्यांनी विचारायच्या आधीच मी सुरू करते. परवा म्हणाले, "अम्मा, बाहर और भी पेशंट हैं."

"बसू द्या," मी म्हटलं.