अक्का आणि नोव्हेंबरात जन्मलेलं लेकरू

अक्का यादी कधी मनात वाचत नसत. कळमनुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या बाळांच्या लसीकरणाची नोंदवही सांभाळायच्या. एकेक नाव हाक मारल्यासारखं मोठ्यानं वाचायच्या. "नाव तोंडातून गेलं की चूक जिभेला टोचते," असं त्यांचं म्हणणं.

मी तिथं नवीन संगणकवाली. गावोगावच्या एक्सेलमधल्या याद्या नव्या डेटाबेसमध्ये भरायचं काम माझ्याकडं आलं. पुढच्या आठवड्यात कोणत्या बाळाला लशीसाठी बोलवायचं, हे त्यावरूनच ठरणार होतं. मे महिन्यातली दुपार. अर्ध्याहून जास्त नोंदी संगणकानं परत केल्या. आमच्या यादीत आधी दिवस, मग महिना. त्याला आधी महिना हवा होता. तेरावा महिना काही त्याला ठाऊक नव्हता, म्हणून तेरा तारखेपासून पुढच्या साऱ्या जन्मतारखा अडल्या. मी तेवढ्या दुरुस्त करून भरल्या आणि ऐटीत म्हणाले, "अक्का, झालं!"

"जे अडलं ते तुला दिसलं, पोरी. जे सुरळीत गेलं ते बराबरच गेलं, हे काहून समजून राहिलीस?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि भरलेली यादी वाचायला घेतली. पाचव्या-सहाव्या नावावर त्यांना हसू आवरेना. "अगं, हे लेकरू येत्या नोव्हेंबरात जन्मून राहिलं! जन्माच्या आधीच सुई टोचतीस का त्याला?"

अकरा एप्रिलचा चार नोव्हेंबर झाला होता. बारा तारखेपर्यंतच्या कितीतरी नोंदी अशाच उलट्या होऊन गुपचूप आत गेल्या होत्या. मीही हसले, पण लगेच यादी पुन्हा वरून तपासायला घेतली. ही बाळं लशीला मुकली असती.

सगळं पुसलं. मूळ यादीतच वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं, म्हणजे संगणकाला उलटं वाचताच येणार नाही अशा क्रमानं करून पुन्हा भरलं. "आता लेकरं मोज," अक्का म्हणाल्या. एक कमी भरलं. एकाच आईची, एकाच तारखेची दोन बाळं म्हणजे दुबार नोंद, असा नियम मीच घातला होता.

अक्कांनी टेबलावर थाप मारली. "शिरड शहापूरचं जुळं हाय ते! दोघींना म्या टोपडी शिवून दिली. एकीला कुठं हाकललंस?"

लसीकरणाच्या दिवशी दोघी आल्या, एक आईच्या कडेवर, एक आजीच्या. अक्कांनी दोन्ही नावं खणखणीत पुकारली. सुई लागताच मुलींनी भोकाड पसरलं, तशा अक्का म्हणाल्या, "व्हय व्हय, दोघी हजर हाव म्हणून राहिल्या!" सारी रांग हसली.

त्याच वर्षी अक्का निवृत्त झाल्या, माझी बदली हिंगोलीला झाली. परवा अचानक त्या एसटीनं आल्या. पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी त्यांनी एक्सेल शिकून स्वतः केली होती. मी ती माझ्या संगणकात भरून पाहिली. एकही नोंद अडली नाही.

"माझं बी चुकलं आसंल, बघ तरी," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी तासभर शोधलं. चूक सापडली नाही. चहा मात्र दोनदा झाला.