विश्रामचा नांगर

दुपारची जेवणं झाल्यावर मी पडवीत आडवी होते. उशीखाली कोयती आहे. आज संध्याकाळी विश्रामच्या होडीचा दोर कापायचा, असं मी ठरवलंय, आणि एकदा ठरवलं की मला छान झोप येते.

डोळा लागतो न लागतो तोच उंबऱ्यावर हे बसलेले दिसतात. माझा नवरा, रघुवीर. गेल्या शिमग्यात गेले. अंगातून पाणी निथळतंय आणि मोडलेल्या पोवळ्याचा तुकडा ते दोरीने लोखंडी चौकटीला बांधताहेत. जिवंतपणीही बांधायचे. आता आम्ही गावातल्या बायका बांधतो. चौकट समुद्रात ठेवली की तुकडा पुन्हा वाढायला लागतो.

"जेवलंस गो?" ते विचारतात.

"जेवलंय. ज्येणां तुमका मारल्यान तो पण जेवलो, तुमच्या बाराव्याक. दोनदा भात मागून घेतल्यान."

"भूक लागली आसतली."

माझं डोकंच फिरतं. तरातरा त्यांच्याकडे जाते, तर पायाखाली वाळू आहे आणि डोक्यावर पाणी. समोर पोवळ्यात रुतलेला नांगर. पोवळ्यावर कुणी नांगर टाकायचा नाही, असं सगळ्या गावाने ठरवलं होतं. त्या दिवशी हे खाली काम करत होते आणि विश्रामने वरून टाकला, तो हाच. मग दोर कापून पळाला. चौकशीत म्हणाला, मी तिथे नांगर टाकलाच नाही. नांगरावर काही कुणाचं नाव नसतं.

"तेची होडी सोडून देतंय," मी म्हणते. "फुटांदे."

"सुटली तर व्हावत येऊन खंय आपटतली? हयच. माझ्या पोवळ्यार."

"मगे तेका असोच सोडू?"

"सोड म्हणून कोण सांगता?" हे हसतात. जिवंतपणी असं कधी हसले नव्हते, आणि मला ते हसू फार आवडतं. "तेच्याच नांगराक पोवळा बांध. वाढांदे. पोवळा दाखवूक पावण्यांका घेऊन तो रोज हयच येता मां? पावणे इचारतले, ह्यो नांगर कोणाचो? आपलो म्हणून तेका काढूक येवचो नाय."

पाण्यातच आमच्या देवळाचा चौक उभा राहतो. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान पुरुषांचा. आज मी घालते.

"बा देवा म्हाराजा, ज्येणां माझो घोव खाल्ल्यान, तेका ह्या लोखंड जलमभर दिसांदे!"

"व्हय म्हाराजा," माझा मेलेला नवरा म्हणतो. मी नांगराची कडी घट्ट धरते.

जाग येते. उशीखाली कोयती तशीच आहे, कोरडी. उजव्या तळव्यावर मात्र ओला, तांबूस गंज आहे, कडीएवढा गोल. मी तो पुसत नाही.

बाहेर येते तर विश्राम पाहुण्यांना घेऊन किनाऱ्याकडे निघालाय. मला बघून थांबतो. तोंडावर काळजी आणायला त्याला छान जमतं.

"वैनी, हाताक काय लागला?"

"गंज." मी हात त्याच्या तोंडासमोर धरते. "तुझ्या नांगराचो."

त्याच्या मागून एक पाहुणी पुढे येते. "कोणता नांगर हो?" ती त्याला विचारते.