कागद काढायचे राहिले

माझ्या मावशीच्या घरी जेवणाचं टेबल चांगलं मोठं आहे, पण जेवायला मिळतं ते अर्धंच. उरलेल्या अर्ध्यावर शिलाईचं मशीन, कात्र्या, दोऱ्याची रिळं आणि चिंध्यांचा एक डोंगर असतो. डोंगर कधी हटत नाही, फार तर पाहुण्यांचा मान राखून थोडा सरकतो. आम्ही पाचजण कोपरं अंगाशी घेऊन जेवतो. नवीन माणसाला खुर्ची पुढे करताना आजी, म्हणजे मावशीच्या सासूबाई, न चुकता सांगतात, "बसायच्या आधी हात फिरवून बघा हो. मागे तो विमा एजंट बसल्या बसल्या उठला आणि तसाच निघून गेला."

कॉलेजमुळे मी या घरात राहायला आले तेव्हा माझी समजूत होती की छंदाने माणूस शांत होतो. मावशीला पाहिलं आणि ती समजूत गेली. ती शिवायला बसते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चोरी करणाऱ्या माणसाची एकाग्रता असते. बरोबरच आहे, ती चोरीच करत असते. घरातल्या सगळ्यांच्या वाटणीचा वेळ ती थोडा थोडा लांबवते.

दिवसभर ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काउंटरवर असते. फोन घ्यायचे, पुढच्या वेळा द्यायच्या, आणि आतून ड्रिलचा आवाज ऐकून चपला शोधू लागलेल्या पेशंटला गोड बोलून परत बसवायचं. घरी आली की दुसरी पाळी. काका लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे दोन घास खाल्ले की कुणीतरी कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्याचा फोन येतो. त्यांचं ताट झाकून ठेवायचं मावशीने. आजींच्या गुडघ्यांचे व्यायाम करून घ्यायचे मावशीने. नववीतल्या मुलीचा एक मोजा रोज हरवतो, तो शोधायचा मावशीने. या मुलीला घरात सगळे मॅडम म्हणतात. ती स्वतः मोजा शोधत नाही, तो हरवल्याचं फक्त जाहीर करते.

एवढ्या गडबडीत गोधडी कशी होणार? मावशीने त्यावर तोड काढली होती. ती षटकोनांची गोधडी करायची. कागदाचा तळहाताएवढा षटकोन कापायचा, त्यावर कापडाचा तुकडा दुमडून कच्ची टीप घालायची, आणि असे षटकोन कडेला कड लावून हाताने जोडत जायचं. कागदामुळे कोपरे टोकदार राहतात. एका षटकोनाला सगळ्या बाजूंनी शेजारी मिळाले की त्याची कच्ची टीप उसवून कागद मागून ओढून काढायचा, लगेच किंवा शेवटी. सुई, दोरा आणि तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावतात, आणि डबा पर्समध्ये. त्यामुळे पेशंटचा जबडा बधिर होईपर्यंत, आजी पाय वर धरून "झाले का गं दहा?" विचारेपर्यंत, पालकसभेत मुख्याध्यापक शिस्तीवर बोलत असताना, मावशीची सुई चालूच. एकदा एका पेशंटने काउंटरवर तिच्या हातातली सुई बघितली आणि घाम पुसत विचारलं, "डॉक्टरांची याहून मोठी असते का?"

"छे हो," मावशी म्हणाली, "त्यांची बोथट असते."

तो माणूस त्यानंतर आला नाही.

कागदसुद्धा दवाखान्याचाच. 'दात योग्य रीतीने कसे घासावेत' अशी जाड, चकचकीत पत्रकं डॉक्टरांनी गठ्ठ्याने छापून घेतली होती आणि त्यांवर फोन नंबर चुकीचा पडला. लोक एका टायरच्या दुकानात फोन करून दाढदुखी सांगू लागले. दुकानदार आधी चिडला, मग सल्ले देऊ लागला. तेव्हा कुठे डॉक्टरांनी गठ्ठा मावशीच्या हवाली केला आणि म्हणाले, "हे माझ्या डोळ्यांसमोरून न्या."

अशा रीतीने मावशीने पुष्कळ गोधड्या केल्या आणि त्या सगळ्या घराबाहेर गेल्या. जावेच्या मुलाला, काकांच्या साहेबांना, वरच्या मजल्यावरच्या बाईंना. आजींना कुणाचीही आनंदाची बातमी कळली की त्या आधी मावशीच्या डोंगराकडे बघत आणि मग फोनवर म्हणत, "तुझी एक धरून ठेव." मावशीच्या स्वतःच्या पलंगावर दुकानातली रजई होती, तपकिरी. तिच्यावर हरीण होतं, आणि धुऊन धुऊन त्याचं तोंड गेलं होतं.

मग तिने निळी गोधडी सुरू केली. काकांचे कामाचे फाटके शर्ट, मॅडमचा आखूड झालेला युनिफॉर्म, आजींचा एक जुना पडदा, सगळं निळं. मधोमध गडद आणि कडेला जात जात फिकट होत गेलेलं, पाण्यात पाय घालून वाकून बघावं तसं. अर्धी झाली तेव्हा एकदा जेवताना ती म्हणाली, "ही मी कुणाला देणार नाहीये."

"मग कुणासाठी करतेयस?" काकांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

सगळ्यांचे घास थांबले. तिने घर सोडून जात असल्याचं सांगितलं असतं तरी एवढी शांतता झाली नसती.

"तुझ्यासाठी म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी ना, आई?" मॅडमनी खुलासा मागितला.

"नाही."

"म्हणजे मी पांघरायची नाही?"

"तुझा मोजा सापडला का?"

विषय संपला असं मला वाटलं. पण पुढे ग्रंथालयाच्या सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन ठरलं, निळ्या गोधडीला तिथे भिंत मिळाली, आणि त्याच आठवड्यात आजींच्या भाचीचं पोट दिसू लागलं. मावशी दवाखान्यातून आली तेव्हा आजी फोनवर होत्या. "हो गं, निळी. भिंतीवरून उतरली की तुझ्याकडे. अगं, तिला कशाला विचारायचं? ती काय नाही म्हणणारे?"

मावशी दारातच उभी राहिली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात डबा.

"आई, ती माझी आहे."

"अगो बाई, ऐकलंस होय. पण आता शब्द गेला माझा."

"माझ्या गोधडीवर?"

"बाळ काय रोज होतं का कुणाला? तू दुसरी कर. तुझा काय, हात सुटलाय."

हात सुटलाय, हे आजींच्या मते कौतुक होतं. मावशीने चपला काढल्या. भाजी ठेवली, गुडघ्यांचे व्यायाम करून घेतले, आणि "झाले का दहा?" या प्रश्नाला त्या दिवशी बराच वेळ उत्तर दिलं नाही. आजी पाय वर धरून बसून राहिल्या. पण निळ्यावरचं काम तिने थांबवलं नाही. जायचीच असेल तर भिंतीवर एकदा आपल्या नावाने लागू दे, मग जाऊ दे, असं काहीसं तिच्या मनात असावं. त्या दिवसांत ती कच्चे टाके जरा जोरात उसवायची.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दवाखान्यातला, ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद पडला. पेशंट तोंड उघडं टाकून ताटकळले आणि त्यांना धीर देण्यात मावशीची संध्याकाळ गेली. घरी निळी गोधडी टेबलावर पसरलेली होती. षटकोन सगळे जोडून झाले होते. कडेच्या ओळींचे कागद मावशीने काढले होते, मधले आकार धरून राहावेत म्हणून शेवटाला ठेवले होते. ते काढले की फक्त मधला चादरीचा थर आणि खालचं अस्तर लावून, जागोजाग दोऱ्याच्या गाठी मारून, कडा बंद करायच्या होत्या.

आणि या घराने, जे आजवर कधी केलं नव्हतं, ते नेमकं त्या संध्याकाळी केलं. मदत.

बेत आजींचा होता. काका मोटर असलेलं काहीही चालवू शकतात, त्यामुळे मशीनवर ते बसले आणि त्यांनी कडा अशा सरळ मारल्या की जणू लिफ्टचा दोर ओळंब्यात असावा. मॅडम दोरे कापत होत्या, कानात गाणी घालून. आणि गाठी आजींनी मारल्या. तरुणपणी त्या पार्सलच्या कचेरीत होत्या, पेट्या बांधायचं काम. त्यांची गाठ आजवर कुणाला हाताने सुटलेली नाही. मी कॉलेजातून आले तेव्हा त्या शेवटच्या गाठीवर गुडघा देऊन दोरा ओढत होत्या, त्याच दुखऱ्या गुडघ्याने.

मावशी आली. तिने पाहिलं आणि तिचे डोळे भरले. कुणी काही न सांगता तिचं काम करून ठेवलंय, हा अनुभव तिला नवा होता. ती पुढे झाली, गोधडीची एक बाजू तिने उचलली, आणि गोधडीतून पापडाच्या पिंपात हात घालावा तसा आवाज आला.

"कागद?" मावशी म्हणाली.

"आहेत ना," आजी खुशीत म्हणाल्या. "सगळे आहेत. एक हलू दिला नाही."

"ते काढायचे असतात, आई."

"म्हणजे?"

"कागद काढायचे असतात. आधी."

"कडकपणासाठी नव्हते? कॉलरमध्ये असतो तसा?"

मॅडमनी कानातलं काढलं आणि प्रसंग ओळखून परत घातलं. काका म्हणाले, "एक कड उघडू या. हात घालून काढून घेऊ."

"गाठी आरपार आहेत," मावशी म्हणाली. "गाठी कापल्याशिवाय एकही कागद निघायचा नाही."

आजींनी कमरेवर हात ठेवले. "माझ्या गाठी?"

मावशी न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं, आणि कोण जाणे का, ती हसत होती. "सकाळी न्यायचीय," एवढंच म्हणाली. "राहू दे."

प्रदर्शनात गोधडी लागली. इतरांच्या गोधड्या मधे पोट सोडून, खांदे पाडून लटकत होत्या. मावशीची मात्र तपासणीला उभी राहिल्यासारखी ताठ. संयोजक बाई, निवृत्त चित्रकला शिक्षिका, दोनदा फिरून आल्या. "काय शिस्त आहे हिला! केलंत काय तुम्ही?"

"दातांची काळजी घेतो आम्ही," मावशी म्हणाली. बाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि पुढच्या माणसाला तेच सांगितलं.

आजी गर्दीत उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला गाठी दाखवत होत्या. "ह्या माझ्या. हात लावू नका म्हणतात, पण तुम्ही लावा." दुपारी भाची आली. पोटावर हात, चेहऱ्यावर हक्क. प्रदर्शन संपल्यावर गोधडी उतरवली गेली आणि आजींनी स्वतःच्या हाताने ती तिच्या मांडीवर ठेवली. भाचीने कौतुकाने ती छातीशी धरली. कर्र, कर्र.

"आत्या, हिच्यात काय भरलंय?"

"कागद," आजी म्हणाल्या, जरा खालच्या आवाजात.

"पण बाळ झोपेल कसं? आणि धुवायची कशी?" भाची मावशीकडे वळली. "वहिनी, काढता येतील ना कागद?"

मावशीने घाई केली नाही. तिने गोधडीची घडी उलगडली, एका गाठीवर बोट ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "येतील की. का नाही येणार? आईंच्या गाठी तेवढ्या कापाव्या लागतील. सगळ्या. कापू का, आई?"

मी आजींकडे पाहिलं. एकीकडे दिलेला शब्द, एकीकडे पार्सल कचेरीतलं उभं आयुष्य. आजींना फार वेळ लागला नाही.

"कापायच्या?" त्या म्हणाल्या. "माझ्या गाठीला कात्री लावणारी अजून जन्माला यायचीय. अगं पोरी, बाळाला बाजारातली मऊ दुलई घे. छान मिळतात. हरणं असतात वर."

भाचीचा चेहरा खुलला. तिलाही तेच हवं होतं. निळी गोधडी मावशीने छातीशी धरून घरी आणली, आणि जिना चढताना ती पायरीगणिक वाजली.

तोंड गेलेलं हरीण माळ्यावर गेलं. निळी आता मावशीच्या पलंगावर असते आणि तिला दुसरं कुणी हात लावत नाही. मॅडमनी एकदा पांघरून पाहिली, पण म्हणाल्या की कुणीतरी सतत चिप्स खातंय असं वाटतं. घराला मात्र तिचा एक उपयोग सापडला. सुट्टीच्या दिवशी दुपारी मावशी आत झोपली असली की सगळे बाहेर कान देऊन बसतात. आतून कर्र झालं की ती जागी झाली, म्हणजे हाका मारायला हरकत नाही.

परवा तसेच बसले होते. काकांना स्क्रूड्रायव्हर मिळत नव्हता, मॅडमचा मोजा, आजींचा गुडघा. आतून काही आवाज नाही. "आज फारच गाढ," काका म्हणाले. मला आतलं पुस्तक हवं होतं म्हणून मी दार हळूच लोटलं.

मावशी उताणी पडली होती. निळी हनुवटीपर्यंत घेतलेली, डोळे टक्क उघडे. पत्र्याचा डबा उशाशी होता, आणि गोधडीच्या वर काढलेल्या दोन हातांत सुई आणि नवा षटकोन, पिवळा. बोटं चालली होती. बाकी ती तसूभरही हलत नव्हती.

तिने मला पाहिलं आणि डोळ्यांनीच दाराकडे खूण केली. मी बाहेर आले आणि दार लावून घेतलं.

"उठली का?" आजींनी विचारलं.

"छे," मी म्हटलं. "आवाज आला का तुम्हाला?"