डग्ग्यावरचा हात
कपाट आवरताना एका डीव्हीडीचं कव्हर उघडलं, त्यातला कोंदट प्लास्टिकचा वास आला आणि सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांतली रविवारची दुपार आठवली. द्वारका चौकाजवळच्या डीव्हीडी लायब्ररीवाल्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "काकांना ही मैफल दाखवाच, तबला एक नंबर आहे." वडील भजनी मंडळात तबला वाजवायचे. मैफल सुरू झाली आणि पाचच मिनिटांत ते खुर्चीच्या टोकावर आले. तबला कानावर पडत होता, पण पडद्यावर सारखा गवयाचा चेहरा, त्याच्या अंगठ्या, नाहीतर माना डोलावणारे लोक. "अरे, त्याचा हात दाखव ना! डग्ग्यावर मनगट कसं फिरवतोय ते बघू दे," वडील टीव्हीवरच ओरडले. उठले, बसले, रिमोट हिसकावून तीच जागा सात-आठ वेळा मागे नेली. एकदा तर टीव्हीच्या कडेला जाऊन वाकून पाहिलं, जणू तिथून तबलजी दिसला असता. "अहो, बसा की एका जागी," मेथी निवडणारी आई म्हणाली. मीही वैतागून म्हणालो, "लोकांना गाणाराच बघायचा असतो." त्यावर ते चपला घालून बाहेर निघून गेले. आता वडील नाहीत. आज सापडलेली डीव्हीडी त्यांच्या मंडळाच्या भजनाची आहे, शूटिंग मीच केलेलं. सकाळपासून दोनदा लावून पाहिली. तासभर बुवा गातायत, आणि अगदी कडेला, अधूनमधून, वडिलांचा नुसता कोपर हलतोय.